समोरच्याच्या डोळ्यांसाठी दिवा मंद

आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत रेल्वेचा एक फूटभरही रूळ नाही. पुणे-नाशिक रेल्वेचं बोलणं आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. खोडदच्या मोठ्या दुर्बिणींना त्रास होईल म्हणून मार्ग दुसरीकडून न्यायचं निघालं, त्यावर सभा झाल्या, निवेदनं गेली, पण आपल्या शिवारात गाडीची शिट्टी काही ऐकू आली नाही. तरी आज आम्ही बोलणार आहोत ते रेल्वेच्या इंजिनाच्या दिव्याबद्दल, आणि त्यातही तो दिवा बारीक कधी करायचा याबद्दल.

विषय निघाला तो एका मावशींच्या प्रश्नावरून. त्या लेकीच्या बाळंतपणाला कल्याणला गेल्या होत्या. माळशेज उतरून, मुरबाडवरून, आपण सगळ्या जातो तशाच. स्टेशनात त्यांनी पाहिलं की लांब पल्ल्याची गाडी येताना डोळ्यांपुढे पांढरा झोत घेऊन येते, आणि फलाटाला उभी राहिली की तोच दिवा मिणमिणता होतो. त्यांनी विचारलं, "रेल्वेला ना वळायचं असतं, ना खड्डा चुकवायचा असतो. रूळ नेतील तिकडे जायचं. मग तिला एवढा दिवा कशाला? आणि दिलाच आहे तर मध्येच बारीक कशाला करतात? बॅटरी वाचवतात का?"

प्रश्न आम्हाला फार आवडला. उत्तर शोधता शोधता आम्ही रुळावरून निघालो आणि आपल्याच पुणे-नाशिक रस्त्यावर येऊन पोचलो. आता सांगतो ते त्याच क्रमाने.

आधी एक माप ठरवून घेऊ. मीटर, फूट, किलोमीटर नुसते बोलून डोळ्यांपुढे येत नाहीत. आपल्याकडे एक लांबी सगळ्यांना हातानं माहीत आहे, ती म्हणजे नऊवारी. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. आज अंतर सांगताना आम्ही लुगडी मोजणार आहोत. हसू नका, हिशेब चोख बसतो.

आता मावशींच्या प्रश्नाचा पहिला भाग. वेगात असलेली लांब गाडी ब्रेक मारला तरी थांबायला जवळजवळ 1 किलोमीटर घेते. म्हणजे एकापुढे एक 120 लुगडी अंथरली तर जेवढं अंतर होईल तेवढं. आणि इंजिनाचा दिवा दाखवतो किती? अमेरिकेतल्या नियमात लिहिलं आहे की मुख्य मार्गावरच्या इंजिनाच्या दिव्यानं समोर 800 फुटांवरचा माणूस उजळला पाहिजे. 800 फूट म्हणजे 30 लुगडी. आपल्याकडचे मोठे दिवेही पुष्कळ लांब पाहतात, पण थांबायच्या अंतरापुढे तेही तोकडेच. म्हणजे रुळावर माणूस, म्हैस किंवा दगड दिसला तोवर थांबायची वेळ बहुतेकदा निघून गेलेली असते. शिट्टी वाजवायची आणि ब्रेक दाबून ठेवायचा, एवढंच चालकाच्या हाती.

मग दिवा कशासाठी? तो मुख्यतः चालकानं आपल्याला बघावं म्हणून नाही, आपण गाडीला बघावं म्हणून आहे. रुळांवर काम करणाऱ्या गँगला, फाटकावरच्या गेटमनला, रूळ ओलांडणाऱ्याला लांबून कळावं की गाडी येतेय. चालकालाही दिव्याचा उपयोग होतोच, पाट्या दिसतात, रुळावर काही विचित्र असेल तर कळतं. पण गाडी थांबवायची की न्यायची हे तो सिग्नलच्या दिव्यावरून ठरवतो, आपल्या उजेडावरून नाही. धुक्यात तर रेल्वे उजेडावर विसंबतच नाही. सिग्नलच्या 270 मीटर आधी रुळावर फटाके बांधून ठेवतात. चाक त्यावरून गेलं की फाट्दिशी आवाज होतो आणि चालकाला समजतं की पुढे सिग्नल आहे, सावध. डोळे चालेनात तर कानांना कामाला लावायचं, अशी ती तऱ्हा.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, दिवा बारीक का करायचा. बॅटरी वाचवायला नाही, मावशी. हा लेखी नियम आहे. भारतीय रेल्वेचे 1976 चे 'सर्वसाधारण नियम' म्हणून पुस्तक आहे. त्यातला 4.14 हा नियम इंजिनाच्या दिव्यांचा. गाडी स्टेशनात उभी असताना हेडलाईट मंद करायचा. दोन किंवा जास्त मार्ग शेजारी असतील आणि समोरून दुसरी गाडी येत असेल, तेव्हाही मंद करायचा. शिवाय खास सूचना देऊन ठरवलेले इतर प्रसंग आहेत. हेडलाईट बंद पडलाच, तर इंजिनाच्या पुढच्या दोन लहान पांढऱ्या दिव्यांवर गाडी न्यायची, आणि वेग कुठल्याही परिस्थितीत ताशी 40 किलोमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. दिवा गेला म्हणून गाडी जागीच अडकत नाही, पण दिवा गेल्यावर वेग राखायची मुभाही नाही. हे वाक्य आम्ही दोनदा वाचलं. आपल्याकडे एका डोळ्याच्या मोटारसायकली किती सुसाट जातात ते आठवलं.

स्टेशनात उभ्या गाडीचा दिवा मंद का, याची कारणं बघा. रात्री स्टेशनातले आणि फाटकावरचे लोक हातातला हिरवा कंदील दाखवून चालत्या गाडीला 'सगळं ठीक' सांगतात, धोका असेल तर लाल दाखवतात. आता समोरून दुसऱ्या इंजिनाचा झोत डोळ्यांत येत असेल, तर त्या वितभर कंदिलाचा रंग कुणाला ओळखू येणार? सिग्नलचा दिवासुद्धा त्या झोतापुढे फिका पडतो. शिवाय फलाटावर माणसं, रुळाशेजारी डबे जोडणारा कर्मचारी. उभ्या गाडीला त्या मोठ्या दिव्याची काहीच गरज नसते, आणि बाकी सगळ्यांना त्याचा त्रास असतो. म्हणून मंद.

या नियमामागे एक जुनी गोष्ट आहे, ती आम्हाला सगळ्यात जास्त भावली. अमेरिकेत पूर्वी बहुतेक रेल्वेमार्ग एकेरी होते. एकाच रुळावरून दोन्ही दिशांच्या गाड्या. आपल्याकडे कोकण रेल्वे अजूनही बऱ्याच लांबीत एकेरी आहे. गणपतीत गाडी मधल्याच स्टेशनात उभी राहते आणि लोक म्हणतात, "क्रॉसिंगला लागलीय." म्हणजे ती बाजूच्या रुळावर सरकून समोरच्या गाडीला वाट देते. अमेरिकेतल्या जुन्या नियमावलीत 17 क्रमांकाचा नियम होता. बाजूच्या रुळावर गेलेल्या गाडीनं, ती पूर्ण आत शिरून मुख्य मार्ग मोकळा झाला आणि गाडी थांबली, की मगच आपला हेडलाईट झाकायचा किंवा मंद करायचा. त्याआधी नाही.

याचा अर्थ लक्षात आला का? मंद झालेला दिवा म्हणजे निरोप होता. समोरून येणाऱ्या चालकाला लांबूनच कळायचं, "तो थांबलाय, त्याची शेपटीसुद्धा आत आहे, रस्ता माझा." आणि दिवा भगभगीत दिसला तर, "त्याचं अजून आत जाणं व्हायचंय, मी सांभाळून." फोन नव्हते, वायरलेस नव्हते. दोन अजस्र गाड्या रात्रीच्या काळोखात एकमेकींशी दिव्यानं बोलत होत्या, आणि बोलण्यात एकाही शब्दाचे दोन अर्थ निघत नव्हते.

हा 17 नंबर इतका मुरला की खेळण्यातल्या रेल्वेतही उतरला. परदेशात छोट्या रेल्वेगाड्या जमवणारे मोठे हौशी लोक आहेत. त्यांचा सर्वांत चालणारा आकार खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचा. इंजिन तळहातावर मावतं. त्या इंजिनाच्या पोटात बोटाच्या पेराएवढी इलेक्ट्रॉनिक चकती असते आणि तिच्यात दिवा मंद करायची सोय असते, तिचं नावच 'रूल सेव्हन्टीन'. गाडी बाजूच्या रुळावर थांबली की हौशी माणूस बटण दाबतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा दिवा बारीक करतो. कुणाचे डोळे दिपणार आहेत तिथे? कुणाचेच नाही. पण खरी गाडी जशी वागते तशीच आपली वागली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आम्हाला आधी हसू आलं, मग बरंही वाटलं. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, 1998 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. सिग्नल, पूल, स्टेशनं, धावत्या गाड्या, सगळं एका खोलीत. गटाची पुण्याला फेरी निघाली तर मुलांना तिथे जरूर न्या. रेल्वे न पाहिलेल्या आपल्या पोरांना क्रॉसिंग म्हणजे काय ते तिथे चटकन समजेल.

आता रुळावरून रस्त्यावर येऊ. मालट्रकच्या पाठीवर 'रात्री डिपर वापरा' असं रंगवलेलं आपण लहानपणापासून वाचतोय. इतकं वाचलंय की आता दिसतच नाही. गाडीच्या दिव्याला दोन झोत असतात. अप्पर लांब आणि उंच जातो, डिपर जवळ आणि खाली पडतो. समोरून कुणी आलं की डिपर, गेलं की पुन्हा अप्पर. हा आपला 17 नंबर. पण रेल्वेत तो पाळतात आणि आपल्या रस्त्यावर तो ट्रकच्या पाठीवरच राहतो.

डोळे दिपल्यावर काय होतं ते नीट समजून घेऊ. प्रखर उजेड आला की डोळ्याची बाहुली पटकन बारीक होते. उजेड गेला की ती पुन्हा मोठी व्हायला मात्र वेळ घेते, आणि डोळ्याच्या पडद्याला अंधाराची सवय परत व्हायला त्याहून जास्त. उन्हातून घरात आल्यावर चुलीजवळची भांडी काही वेळ दिसत नाहीत, तसंच. समजा, समोरच्या पिकअपचा अप्पर डोळ्यांवर आला आणि 3 सेकंद काही दिसलं नाही. मोटारसायकल ताशी 60 नं चालली आहे. सेकंदाला साधारण 17 मीटर. 3 सेकंदांत 50 मीटर. 6 लुगड्यांइतका रस्ता तो माणूस आंधळ्यासारखा गेला, आणि त्या 6 लुगड्यांत काय काय असू शकतं ते तुम्ही-आम्ही जाणतो. दूध घालून येणारी बाई, कांद्याची पोती उतरवायला थांबलेला टेम्पो, उसाची बैलगाडी.

वय वाढलं की हे आणखी वाढतं. मोतीबिंदू व्हायला लागला की डोळ्यातलं भिंग धुरकट होतं आणि समोरच्या दिव्याला सगळीकडून तारे फुटल्यासारखे दिसतात. "मला दिवसा सगळं दिसतं, रात्रीच गाड्या नको वाटतात," असं ज्या सासूबाई किंवा आत्या म्हणतात, त्यांचं म्हणणं वयाचं कुरकुरणं समजू नका. डोळे तपासून घ्या. नारायणगावला डॉ. मनोहर डोळे यांनी उभं केलेलं मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे, तिथे किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवता येईल.

इथे आमच्या गटातली एक गोष्ट सांगायला हवी. एका ताईंचा भाचा गेल्या गळिताच्या हंगामात रात्री घरी येत होता. पुढे उसाची ट्रॉली, जोडीला दुसरी ट्रॉली, मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. समोरून एक गाडी आली, अप्परवर. नंतर बसवलेले निळसर पांढरे जादा दिवेही होते म्हणे. त्याला ट्रॉली दिसली नाही. पोरगा वाचला, पायात सळई आहे, पाच महिने काम बंद होतं. गटातून कर्ज उचललं, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. आता दोष कुणाचा? ट्रॉलीवाला म्हणतो समोरच्यानं डोळे दिपवले, समोरचा म्हणतो ट्रॉलीला दिवा नव्हता. दोघांचंही खरं आहे, आणि हप्ते ताई भरतात.

रेल्वेत या ट्रॉलीसारखं घडू नये म्हणून शेपटीचाही नियम आहे. शेवटच्या डब्यामागे रात्री लाल दिवा असलाच पाहिजे. गाडी स्टेशनातून गेली की तिथला माणूस तो शेवटचा दिवा बघतो. दिसला नाही, तर गाडीचे काही डबे मागे तुटून राहिले असतील असं धरून चालतात, आणि खात्री होईपर्यंत मागची गाडी त्या मार्गावर सोडत नाहीत. आणखी एक आहे. इंजिनाच्या वरच्या बाजूला पिवळा लुकलुकणारा दिवा असतो. गाडी अचानक वाटेत अडली, डबे घसरलेले असायची शंका आली, की चालक तो लावतो. शेजारच्या रुळावरून येणाऱ्यानं तो पाहिला की गाडी थांबवायची, विचारत बसायचं नाही. पिवळा लुकलुकला म्हणजे थांब, संपलं.

आणि आपल्याकडे? समोरच्यानं दोनदा दिवा चमकवला तर अर्थ काय? कुणी म्हणेल, "तू ये, मी थांबतो." कुणी म्हणेल, "मी येतोय, तू बाजूला हो." तिसरा म्हणेल, "पुढे पोलीस उभे आहेत." तिन्ही अर्थ आपल्या रस्त्यावर चालतात, आणि अरुंद पुलावर दोघांनी वेगवेगळे धरले तर मधोमध गाठ पडते. आमचं मत स्पष्ट आहे. चमकवण्यावर विश्वास ठेवून गाडी पुढे घालू नये. समोरची गाडी खरोखर थांबलेली दिसली, तरच जावं. घाटासाठी मात्र नियम पक्का आहे. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्यानं थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. भीमाशंकरच्या रस्त्याला, नाणेघाटाकडच्या वळणांना हे रोज कामाला येईल. थांबलात की दिवा डिपरवर करा, म्हणजे चढणाऱ्याला कडा दिसेल. पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात तर अप्पर लावूच नये. धुक्याच्या थेंबांवरून उजेड उलटा येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर खाली पडतो, त्यानं निदान रस्त्याची कड दिसते.

तुम्ही म्हणाल, आम्हाला बिबट्याचं काय ते सांगा. आपल्याकडे रात्री अप्पर बंद करायला माणूस घाबरतो त्याचं हे खरं कारण आहे, आणि ते आम्ही हसण्यावारी नेत नाही. उसाच्या कडेनं जाताना लांबवर दिसावं असं वाटणारच. पण डिपर टाकायचा तो समोर माणूस असतानाच, तेवढ्या काही क्षणांपुरता. दोन गाड्या समोरासमोर असताना दोन्हींचा आवाज असतो, उजेड असतो. गाडी गेली की लावा पुन्हा अप्पर. आणि डिपर टाकला की वेगही कमी करायचा, कारण आता कमी अंतराचं दिसतंय. रेल्वेचा तो 40 चा नियम इथेही आठवा.

आता नऊवारीचं खरं काम. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये दिव्यांचे दोन नियम एकापाठोपाठ आहेत. 105 व्या नियमात आहे की रात्री दिव्यांच्या उजेडात 155 मीटरवरची माणसं आणि वाहनं स्पष्ट दिसली पाहिजेत. म्हणजे 19 लुगडी. उजेड पुरेसा हवा, हे झालं चालकाच्या बाजूनं. लगेच 106 वा नियम समोरच्याच्या बाजूनं बोलतो. पुढच्या दिव्याचा झोत एक तर कायमचा खाली वळवलेला असावा, नाही तर चालकाला तो खाली वळवता आला पाहिजे. किती खाली? दिव्याच्या पुढे 8 मीटर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कुणाचे डोळे असतील, तर ते दिपता कामा नयेत.

आम्ही हे वाचलं आणि एकमेकींकडे पाहिलं. 8 मीटर म्हणजे एक नऊवारी, वीतभर कमी. अर्धा मीटर म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात, वर दोन बोटं. आणि दीड मीटर, म्हणजे पाच फुटांच्या आत-बाहेर, ही आपल्या डोळ्यांची उंची. नियम लिहिणाऱ्यानं कुणाला समोर उभं धरलं होतं ते त्यालाच माहीत, पण उभ्या राहिलोय आपण.

मग तपासणी अंगणातच होते. लुगडं मातीत अंथरू नका, तेवढ्या लांबीची सुतळी घ्या. गाडी सपाट जागेवर उभी करा, मागे रोज असतं तेवढं ओझं किंवा माणूस बसवा. मागे भार आला की पुढचा दिवा वर उचलला जातो, म्हणून रिकामी गाडी तपासून उपयोग नाही. टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअपचे दिवे डिपरवर असूनही डोळ्यांत जातात, त्याचं कारण बहुतेकदा हेच. सुतळीच्या टोकाशी, चालकाच्या उजव्या हाताला, गाडीच्या कडेबाहेर हातभर सरकून उभ्या राहा. समोरून बघताना ती तुमची डावी बाजू होईल. आता डिपर लावायला सांगा आणि थेट दिव्यात न बघता सरळ समोर बघा. डोळे मिटावेसे वाटले, कपाळावर हात गेला, तर दिवा वर बसलाय. दिव्याच्या मागे झोत खाली-वर करायचा स्क्रू असतो. मेकॅनिकला ते काही मिनिटांचं काम. अप्परवर मात्र डोळे दिपणारच, त्यासाठीच तर तो बदलायचा असतो. आणि डिपरचं बटण चालतंय का तेही बघा. कित्येक ट्रॅक्टरांचं ते गंजून बसलेलं असतं. दिव्यांच्या वर लोखंडी पट्टीवर नंतर बसवलेले झगझगीत दिवे खाली वळवता येत नसतील, तर ते या नियमात बसत नाहीत. शेतात नांगरताना लावा, रस्त्याला लागलात की बंद.

घरात हे सांगायचं कसं, हा प्रश्न आमच्याही गटात निघाला. नवऱ्याला, दिराला 'तुमचा दिवा नीट नाही' म्हटलं तर राग येतो. एका वहिनींनी युक्ती केली. त्यांनी दिरालाच सुतळीच्या टोकाशी उभं केलं आणि स्वतः स्विच दाबला. दुसऱ्या दिवशी गाडी आपोआप मेकॅनिककडे गेली. तरुण पोरांना मात्र सरळ सांगावं. 1 एप्रिल 2017 पासून बनलेल्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असताना आपोआप लागलेलाच राहतो, दिवसासुद्धा. तो दिवा आपल्याला दिसावं म्हणून नाही, आपण दिसावं म्हणून आहे, इंजिनाच्या दिव्यासारखाच. म्हणून त्याला काळी पट्टी लावणं किंवा वायर तोडून स्विच बसवणं बरं नाही. तो डिपरवर ठेवला की काम झालं.

चालणाऱ्या आपण. रात्री रस्त्याच्या उजव्या कडेनं चला, म्हणजे येणारी गाडी समोर दिसते, पाठीमागून अचानक येत नाही. झोत आला की त्यात बघू नका, नजर खाली रस्त्याच्या कडेवर ठेवा. गाडी चालवणाऱ्यालाही हेच लागू, त्यानं डाव्या कडेची पांढरी रेघ धरावी. आपली बॅटरी पावलापुढे मारा, समोरच्याच्या तोंडावर नाही. बिबट्याच्या धाकानं हल्ली सगळ्यांकडे लांब झोताच्या बॅटऱ्या आल्यात, आणि रात्री शेतावर पाणी द्यायला निघालेल्या दोन माणसांनी एकमेकांच्या डोळ्यांत त्या मारल्या की दोघेही बांधावर चाचपडतात.

शेवटी ट्रॉलीबद्दल. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यांना रात्रभर ऊस वाहतो. ऊसतोडीच्या बैलगाड्या तर बिनदिव्याच्याच, आणि त्यांवर बसलेल्या बायका बीडकडून, अहिल्यानगरकडून लेकरांसह आलेल्या. दिवा बसवणं त्यांच्या हातात नाही, चमकणारी पट्टी मात्र आपल्या हातात आहे. आमच्या गटानं ठरवलंय की दर महिन्याच्या बचतीतून थोडे पैसे बाजूला काढून पट्टीचं एक वेटोळं आणायचं, आणि गावातून जाणाऱ्या ट्रॉली-बैलगाड्यांना लावायचं. पट्टीला रंगाचा नियम आहे. मागे लाल, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी. मागची पट्टी उसाच्या पाचटाखाली झाकली जाणार नाही एवढी खाली, आणि दोन्ही कोपऱ्यांना लावा, म्हणजे ट्रॉलीची रुंदी कळते. एकच तुकडा मधोमध लावला तर लांबून ती मोटारसायकल वाटते. लावायच्या आधी पत्रा कोरड्या फडक्यानं घासून पुसा. माती किंवा तेल राहिलं तर पट्टी आठवडाभरातच सुटून येते. बैलगाडीच्या लाकडाला ती चिकटत नाही, तिथे पत्र्याच्या तुकड्यावर लावून दोन खिळे मारा.